मावशीच्या तोंडचं नाव

धवलारीण मावशी जित्या माणसाला नावाने हाक मारत नसे. मी तिची "वाकऱ्या येनीची", म्हणजे वाकड्या वेणीची, माझा बाप "मिठागरवाला", तिचा स्वतःचा जावई "रोह्याचा". लहानपणी मला वाटायचं, बाईच्या डोक्यात नावंच राहत नाहीत. पण लग्नात धवला गायला बसली की आमच्या घराण्यातली कुठली कुठली मेलेली माणसं नावानिशी ओळीने बाहेर यायची आणि माझ्या अंगावर काटा उभा राहायचा.

कासूच्या बाजूला, आमच्या खाडीकाठच्या गावांत, लग्न म्हटलं की भटजीच्या आधी धवलारीण ठरवतात. देवांना आणि घरच्या पितरांना गाण्यातून मांडवात बोलावणं हे तिचं काम. मावशी डोळे मिटून गायची आणि एकेक नाव झालं की बसल्या जागेवरून थोडी बाजूला सरकायची. कशाला, तर येणाऱ्याला जागा! गाणं संपेपर्यंत तिच्या शेजारी ही एवढी मोकळी जागा झालेली असायची आणि तिथे बसायची कोणाची टाप नव्हती. "मी ज्याचा नाव घेतला तो येतो गो," ती मला एकदा म्हणाली. "जित्याचा घेऊन कसा चालल?"

गाण्याचं वेड असं की मिठागरात मीठ ओढतानाही तिचे ओठ हलत असायचे. आवाज मात्र काढायची नाही. डोलवीच्या कंपनीत शिफ्ट करणारा माझा चुलतभाऊ एकदा टेपरेकॉर्डर घेऊन गेला. "मावशी, कॅसेट भरू तुझी." ही जी भडकली! "मेल्या, ती पेटी कवाबी बोलवल त्यांना. मंग परत धाडनार कोन, तू?" कारण वरात निघायच्या आधी, बोलावलेल्या प्रत्येकाला नाव घेऊन वाटेला लावणं हेही तिचंच काम. चुलतभावाने काढता पाय घेतला. आज मावशी नाही, आणि तिची एकही कॅसेट नाही.

माझा मोठा भाऊ खाडीत मासे धरायला गेला तो आलाच नाही. होडी मिळाली, तो नाही मिळाला. आईने त्याला मेला म्हणू दिलं नाही, त्याचे दिवसही घातले नाहीत. काहीतरी निमित्त काढून ती मावशीकडे जायची आणि मुद्दाम त्याचा विषय काढायची. मावशी "तुझा मोठा" म्हणाली की आईचा जीव भांड्यात पडायचा. नाव घेतलं नाही, म्हणजे आहे!

मग वर्षभराने माझं लग्न ठरलं. आईने मावशीला बजावलं, "माझ्या मोठ्याचा नाव काढलास तं मांडवातून उठवीन." माझी तर झोप उडाली. बोलावलं तर आई कोसळणार, आणि नाही बोलावलं तर माझ्या लग्नात माझा सख्खा भाऊ मांडवाबाहेर उभा राहणार.

हळदीच्या दिवशी, भर दुपारी, बेंजोवाले जेवायला गेले होते. मावशी गात गात आजोबांच्या नावापर्यंत आली, सरकली आणि थांबली. पुढचं नाव भावाचं होतं. मग ती उठली. गुडघे धरून चालणारी ती बाई नाचू लागली! तोंडातून शब्द नाही. गणपतीत आमची पोरं घुंगरू बांधून नाचतात तो नाच, आणि त्यात डावी टाच जरा उशिरा टेकवायची ती खोड, जिच्यावरून सगळी पोरं माझ्या भावाला हसायची. मावशी गणपतीत कधी गावात नसायची, रोह्याला लेकीकडे असायची. तिने त्याला नाचताना पाहिलंच नव्हतं. देवाशप्पथ सांगते, मला त्या पायांची भीती वाटली, आणि धावत जाऊन ते पाय धरावेसेही वाटले.

आई त्या टाचेकडे बघत होती.

"घे गो," आई म्हणाली. "घे त्याचा नाव."

मावशी खाली बसली. नाव घेतलं आणि बाजूला सरकली.

दुसऱ्या दिवशी लग्न लागलं. वऱ्हाडाचा टेम्पो दारात उभा राहिला आणि मावशी पितरांना एकेक करून वाटेला लावू लागली. भावाची पाळी आली तशी आईने तिचा हात घट्ट धरला.

"याला नको धाडू. र्‍हाऊ दे माझ्याजवल."

"पोरीला धाडतेस ना?"

"ती येल परत."

"हा बी येल. घरात लगीन निघाला का बोलवीन मी."

"आनि तू नसशील तवा?"

मावशीने आपला हात आईच्या हातातच राहू दिला. म्हणाली, "मंग तू शिक. आज तूच धाड त्याला, म्हंजी तुलाच बोलवता येल."

आई जन्मात कधी गायली नव्हती. मावशी हळू आवाजात ओळ सांगत होती आणि आई फाटक्या आवाजात ती म्हणत होती. तशीच गात गात ती मांडवाच्या तोंडापर्यंत चालत गेली, रिकाम्या वाटेकडे बघत थोडी थांबली, आणि मग मला टेम्पोत बसवायला परत आली.