नारायणची आठवण माझ्या हाती कशी आली?

अशा अनुभवांवर माझा विश्वास नव्हता, हे आधीच नम्रपणे नमूद करतो. कुणी असे काही सांगू लागला की मी मनातल्या मनात त्याच्या झोपेची आणि पचनाची चौकशी करीत असे. आज तीच चौकशी वाचकांनी माझी खुशाल करावी.

ऐंशी साल उजाडायचे होते. मी नागपुरात सक्करदऱ्याला राहत होतो आणि कळमेश्वरच्या एका लहानशा कारखान्यात हत्यारखाना सांभाळत होतो. पद्धत अशी — कामगाराने जाळीच्या खिडकीतून आपला पितळी बिल्ला द्यायचा, मी तो भिंतीवर त्या हत्याराच्या खिळ्याला अडकवून हत्यार द्यायचे. संध्याकाळपर्यंत हत्यार परत आले की बिल्ला परत. वही नव्हती, भिंत हीच नोंद.

एका गुरुवारी सकाळी मायक्रोमीटरच्या — बारीक मापे घेण्याच्या महागड्या उपकरणाच्या — खिळ्याला लेथवरच्या नारायण टर्नरचा बिल्ला लटकत होता. मायक्रोमीटर नव्हता.

"बाबूजी, मी काल वापस केला," नारायण म्हणाला.

"कुठे ठेवलास? कुणाच्या हातात दिलास?"

"मले ताप भरला होता जी. वापस केला एवढं पक्कं. कुठं, ते आठवूनच नाही राहिलं."

मॅनेजरांना मी सांगितले की बुधवारी दिवसभर मी खिडकीशीच होतो आणि नारायण तो परत करायला आलाच नाही. हे खोटे होते. बाराच्या सुमारास मी कुणाला न सांगता नागपूरला सटकलो होतो... स्मरणशक्तीच्या वर्गाला! आणि त्याहून लाजिरवाणी गोष्ट ही, की तीच हकिगत चार वेळा सांगितल्यावर मला ती आठवू लागली. रिकामी खिडकी, जाळीतून येणारे ऊन, माझा चहाचा ग्लास — सगळे स्वच्छ दिसे. वर्गातले गुरुजी म्हणत, "आठवण ही कपाटातून काढलेली वस्तू नव्हे. दर वेळी आपण ती नव्याने रचतो." मी मान डोलावत असे. स्वतःला लावून मात्र कधी पाहिले नाही.

चौकशी सोमवारी होती. नारायणची नोकरी जाणार हे सर्वांनी धरले होते.

रविवारी सकाळी वर्गात माझे प्रात्यक्षिक होते. समोरच्यांनी वीस वस्तू सांगायच्या. मी त्या मनातल्या मनात माझ्या घरात फाटकापासून परसापर्यंत एकेका जागी ठेवायच्या आणि त्याच क्रमाने म्हणून दाखवायच्या.

"पाहा गा, बाबूजी भाजी आणायले विसरते म्हणून वहिनी बोंबलून राहिल्या होत्या," मागून एकाने टोमणा मारला. सगळे हसले. मीही हसलो आणि सुरू झालो. फाटकावर कंदील. ओसरीत ढोल. झोपाळ्यावर बदक. स्वयंपाकघराच्या खिडकीत अननस...

पण ती माझी खिडकी नव्हती! ती हत्यारखान्याची जाळी होती — आणि मी तिच्या बाहेर उभा होतो. अंगात हुडहुडी. जाळीखालच्या फटीतून एक हात आत चालला होता, हातात मायक्रोमीटरची डबी, मनगटाला काळा दोरा. आत खिडकीखाली चिंध्यांचे पोते. मनात शब्द उमटले, "पोत्यात पडू दे, फुटनार नाही." आणि समोर माझी खुर्ची... रिकामी!

"पोते!" मी ओरडलो.

"बाबूजी, पोतं तर कोणीच नव्हतं सांगितलं!"

मी चपला अर्धवट अडकवून बस गाठली. हत्यारखान्याची किल्ली माझ्याकडेच असे. पहारेकऱ्याने फाटक उघडले. सगळी शोधाशोध फळ्यांवर झाली होती, पोत्यात कुणी हात घातला नव्हता. मी ते उपडे केले — डबी! चिंध्यांच्या ढिगात उभा राहून मी लहान मुलासारख्या टाळ्या वाजवल्या. इतका आनंद मला क्वचितच झाला असेल.

मग भानावर आलो. 'सापडली' एवढेच सांगून भागले असते. पण त्या हकिगतीतही मी दिवसभर खिडकीशीच राहिलो असतो आणि नारायण खोटाच ठरला असता. सोमवारी मी सगळे सांगितले. नारायणची नोकरी राहिली. माझ्याकडून किल्ली काढून घेतली गेली, आणि ते योग्यच झाले.

"पण तुमी तर तिथं नव्हते ना बाबूजी, मंग तुमाले दिसलं कसं?" नारायणने विचारले. मी दोऱ्याचे सांगितले तेव्हा त्याने आपले रिकामे मनगट पुढे केले. तो दोरा तापावर म्हणून त्याच्या बायकोने दुपारी एकच्या डब्यासोबत पाठवला होता आणि त्याच दिवशी घरी जाताना सायकलच्या हँडलात अडकून तुटला होता. पोते मी रोज पाहत होतो, ते एक वेळ तर्काने सुचले असेल. पण दोरा?

नारायणला स्वतःला त्या दुपारचे खिडकीपाशीचे काही आठवत नव्हते. भेटला की म्हणे, "सांगा ना बाबूजी, मी काय केलं होतं ते." मी कौतुकाने सांगत असे. मागच्या महिन्यात मात्र तोच म्हणाला, "आता मलेही आठवते जी. खुर्ची खाली होती. हात आत घातला तं जाळी गरम लागली."

जाळी गरम होती, हे मी त्याला कधीच सांगितले नव्हते. ते मला जाणवलेही नव्हते.

त्या दिवसापासून मी त्याला ही हकिगत सांगणे बंद केले आहे. माझ्याकडे आजही स्पष्टीकरण नाही. एकच साक्षीदार होता, आणि त्याला हे खरोखर आठवते की माझ्या सांगण्यातून त्याने ते रचले, हे आता त्याला विचारूनही कळणार नाही.