पंधराव्या रिळातले नव्वद फूट

"न्हाई काका, ती दोनदा येती," रेशमा म्हणाली.

"एकदाच येते. तीन आठवडे, रोज चार शो, हा पिच्चर जालन्यात मी चालवलाय. मला शिकवू राह्यली का?"

आम्ही कॉलेजात मॅडमच्या केबिनमध्ये बसलो होतो. शनिवारी दुपारी त्यांनी मुलांसाठी कार्यक्रम ठेवला होता. विषय, जुन्या सिनेमात पारलिंगी स्त्रिया कशा दाखवल्या. मला बोलावलं, कारण मी तीस वर्षं टॉकीजमध्ये ऑपरेटर होतो, म्हणजे पिच्चरचं मशीन चालवणारा. रेशमाला बोलावलं, कारण ती स्वतः पारलिंगी. मूळची जाफराबादची, एमआयडीसीत बियाण्याच्या कंपनीत पॅकिंगला आहे आणि सुटीच्या दिवशी मोबाईलवर जुन्या पिच्चरबद्दल बोलते. तिला हजारो लोक बघतात. मला तीस वर्षांत कोणी बघितलं नाही. रीळ तुटलं तरच पब्लिक माझ्या खिडकीकडं वळायची, तेही शिव्या द्यायला. आणि निमंत्रणावर हिचं नाव वर, फोटोसकट. माझं खाली, बिनफोटोचं. खोटं कशाला बोलू, पोटात दुखलं.

पिच्चर घरगुती होता. बारशाला एक तृतीयपंथी टाळ्या वाजवत येते, हिरो तिची नक्कल करतो, पब्लिक शिट्ट्या मारते. माझ्या हिशेबानं ती तेवढीच.

"शेवटी दवाखान्यात येती," रेशमा म्हणाली. "पोराची आई पडून असती, तिची वेणी घालती. ती बाई तिला ताई म्हणती. जाफराबादला तंबूच्या टॉकीजात पाह्यला मी. नऊ वर्षांची असंल. आमच्यासारखीला कोणी ताई म्हणलेलं मी पहिल्यांदा तिथंच ऐकलं."

तिचं सगळं भाषण त्याच सीनवर होतं. पिच्चर आता कुठंच मिळत नाही, नाहीतर वाद तिथंच मिटला असता. मॅडमनी मला विचारलं, "काका, नक्की?"

"बिलकुल."

"मग रेशमा, तेवढं काढू या. चुकीचं जायला नको."

तिनं दोन पानांवर रेघ मारली. मला बरं वाटलं. लई बरं वाटलं.

घरी जाऊन मी माझी जुनी वही काढली. म्हटलं, कॉलेजच्या पोरांना दाखवू, आपलाही थोडा रुबाब. या वहीचं असं आहे. शो लांबला की पुढच्या शोची पब्लिक गेट ठोकायची. मॅनेजर ओरडायचे, "कमी कर जल्दी!" मंग मी एखादा संथ तुकडा कापून डब्यात ठेवायचो आणि किती फूट कापले ते वहीत लिहायचो. गुरुवारी पिच्चर उतरला की तुकडा परत जोडायचा आणि रिळांची पेटी पुढच्या गावाला पाठवायची. जोडताना दोन-चार फ्रेमा वाया जातात, म्हणजे फिल्मवरचे बारके फोटो. त्या वहीतच चिकटवायचो.

त्या पिच्चरच्या पानावर लिहिलं होतं, 'रीळ १५, ९० फूट.' नव्वद फूट म्हणजे एक मिनिट. पान ट्यूबलाइटपुढं धरलं. खाट, खाटेवर बाई, आणि मागं तीच टाळीवाली. हातात बाईची वेणी.

पेटी जालन्याहून जाफराबादलाच गेल्ती. कापणारा मी, जोडणाराही मीच. पडद्यावर मात्र तो तुकडा मी एकदाही पाहिला नव्हता; पहिल्या शोला नजर मशीनवर, मंग तुकडा डब्यात.

वही मिटली. कोणाला कळणार आहे? हिला काय कमी मिळालंय? मुलांना मशीनबद्दलची पानं तेवढी दाखवायची, हे पान उघडायचं नाही, असं ठरवूनच मी शनिवारी वही नेली.

हॉलच्या दारात रेशमा भेटली. आवाज पार उतरलेला.

"काका, तुमचंच बराबर असंल. मीच मनानं बनवलं असंल ते. लहान होते ना."

जिंकलो होतो की मी! पण वही काढून पान तिच्यापुढं धरलं आणि सगळं सांगून टाकलं. तिनं ते खिडकीच्या उजेडात लई वेळ पाहिलं.

"हे कापलं?"

"पब्लिक बाहेर उभी होती."

"आन् टाळीचा सीन? तो न्हाई कापला?"

"तो कसा कापणार? त्यालाच तर शिट्ट्या पडायच्या."

ती वही घेऊन सरळ स्टेजवर गेली. रेघ मारलेली दोन्ही पानं तिनं वाचली, आणि तो सीन जालन्यात कोणी कापला तेही सांगितलं. हॉलमधल्या सगळ्या माना माझ्याकडं वळल्या. नंतर तिच्याभोवती मुलांची गर्दी, फोटो, सह्या. एवढं होऊनही माझा जळफळाट झालाच. स्वभाव आहे, काय करता.

एक मुलगी तेवढी माझ्याकडं आली. "काका, असे अजून किती सीन कापले?"

वही चाळली. पानोपानी रीळ आणि फूट. बाकीच्या फ्रेमा घरातल्या पोरांनी खेळायला उपटून नेल्या. कापलेल्या तुकड्यात कोण होतं, हे लिहायची आमच्यात पद्धतच नव्हती.

"माहीत नाही," मी म्हणालो.

ऑपरेटरला फूट विचारावेत. पिच्चरमध्ये काय होतं ते पब्लिकला विचारावं, तेही पुढच्या गावच्या.