गंधकाचा आवाज

बीबी गावच्या बाजारात जडीबुटी विकणारे एक चाचा आहेत. बैलाच्या खरजेसाठी कुणी गंधक मागितलं, की ते खडा मुठीत धरतात, मूठ कानाला लावतात आणि डोळे मिटतात. पुडी त्यानंतर. मी शाळेत विज्ञान शिकवतो. त्यांची ही लहर आहे असं समजून मी इतकी वर्षं हसत आलो.

परवा मी त्यांना सांगितलं, "चाचा, धूमकेतूतही गंधक असतं."

"वास घेतला का कोणी?"

"नाही. तिथून रेडिओ लहरी येतात. गंधक असलेल्या रेणूंच्या लहरी वेगळ्या, दुर्बीण त्यावरूनच ओळखते."

"मंग माझ्यावानीच हाय ते दुर्बीण." त्यांनी खडा माझ्या मुठीत दाबला आणि मूठ माझ्या कानाशी नेली.

आत बारीक चटचट चालू होती. हाताच्या उबेनं गंधक तडकत होतं. गंधकाचे गुणधर्म मी दरवर्षी फळ्यावर लिहितो; त्यात हा कधीच नव्हता.

"मिलावटीचा खडा असा बोलत नाही," चाचा म्हणाले.

"पण वासानंही कळतंच की."

"मले वासच येत नाही सर, लहानपणापासून. तुमाले काय वाटलं, काऊन कानाले लावून राह्यलो मी?"