नटवाला जावई आणि माझा बोल्ट

आमच्या न्हाणीघरात धुणं धुवायचा जो दगड आहे, तो मी डोंगरावरून कमरेला कुलूप लावून आणलेला आहे.

लोक दगड गाडीतून आणतात. माझा दगड गाडीत चढण्याआधी बराच वेळ हवेत होता आणि त्याच्याबरोबर मीही होतो. (आमच्या घरात ही गोष्ट विसरायला कुणीच तयार नाही, म्हणून म्हटलं आता मीच लिहून टाकावी. निदान माझी बाजू तरी राहील.)

शाळेत मी तिसरीपर्यंत. तिसरीत दोनदा बसलो, म्हणजे तसं बघितलं तर चौथीइतकं झालं. पण कानडी मुलखात, चामराजपेटेत माझं वर्कशॉप होतं. एक लेथ, एक ड्रिल, दोन व्हाइस आणि मी. नट-बोल्ट बनवण्यात माझा हात धरणारा त्या रस्त्यावर कुणी नव्हता. बसवनगुडीतल्या कितीतरी बंगल्यांची फाटकं मी दगडी खांबांत बोल्ट ठोकून उभी केली. माझ्या हातच्या प्रत्येक नटावर मी अक्षर उमटवायच्या पंचाने ‘ग’ मारायचो. ग म्हणजे गणपत. (पुढची अक्षरं येत नव्हती असं आमची ही सांगते. साफ खोटं! नटावर जागा नसते.)

साठ साल उलटून गेलं होतं. माझी एकुलती एक मुलगी इंदू लग्नाची झाली होती. सांगून आलेला मुलगा मोहन, सरकारी कारखान्यात इंजिनिअर. बघायला आला, पोह्यांची बशी हातात घेतली आणि माझं लक्ष त्याच्या तळहातांवर गेलं. मी उठून तडक स्वयंपाकघरात.

“अगं, हाताला घट्टे आहेत! इंजिनिअर असून घट्टे! पोरगा कामाचा आहे.”

“हळू बोला,” ही म्हणाली, “बाहेर ऐकू जातंय.”

मी बाहेर येऊन बसलो आणि मायेने विचारलं, “कुठल्या मशीनवर असता?”

“हे मशीनचे नाहीत अण्णा. खडकाचे आहेत. रविवारी आम्ही मित्र मागडीच्या बाजूला खडक चढतो.”

“वर काय आहे? देऊळ?”

“काही नाही.”

“मग वर जाऊन काय करता?”

“उतरतो.”

मी इंदूकडे बघितलं. ती त्याच्याकडे बघत होती, आणि अशी बघत होती की मी घाईने पुढचा प्रश्न विचारला.

“आणि पडलात तर?”

त्याने आनंदाने खिशातून दोराचं एक वेटोळं काढलं. दोरात एक मोठा नट ओवलेला होता. “हा खडकाच्या फटीत अडकवायचा. दोर त्याच्यातून लावायचा. पडलो तर हा धरतो. परत जाताना काढून खिशात.”

“बोल्ट कुठंय?”

“बोल्ट नसतो.”

“नट आहे आणि बोल्ट नाही?”

“लागत नाही, अण्णा.”

मी नट हातात घेऊन आत बोट घातलं. गुळगुळीत! “आटे कुठे गेले?”

“कानशीने घासून काढले. आट्यांनी दोर कापला जातो ना.”

उभा जन्म मी लोखंडाला आटे पाडले आणि हा गृहस्थ सुट्टीच्या दिवशी बसून ते घासतो! जो माणूस बोल्टाशिवाय नट वापरतो, तो माझी मुलगी काय सांभाळणार?

तरी मी समजुतीने घेतलं. (मी नेहमीच समजुतीने घेतो. आवाज तेवढा मोठा आहे.) म्हटलं, “मी पोलादी बोल्ट करून देतो. खडकाला भोक पाडा, ठोका, त्याला दोर बांधा. मग खुशाल चढा.”

“नको अण्णा. खडकाला पाडलेलं भोक बुजत नाही. आज मी एक पाडलं तर उद्या दुसरा दोन पाडेल. मग तो खडक कसला, जिनाच होईल.”

“झाला जिना तर बिघडलं काय? माणसं पडणार नाहीत!”

“मग जिनाच चढू की. खडक कशाला?”

“मुलगी माझी आहे!” मी म्हणालो. “उद्या तुमचा नट निसटला तर तिने जाब कुणाला विचारायचा? खडकाला?”

यावर त्याने पोह्यांची बशी खाली ठेवली. पण मान काही हलवली नाही. जाताना नमस्कार करून म्हणाला, “अण्णा, तुमच्यासाठी दुसरं काहीही करीन. भोक पाडणार नाही.”

“आणि मी बोल्टाशिवाय मुलगी देणार नाही!”

झालं. पुढचे तीन आठवडे इंदू मला वाढायची, पण बोलायची नाही. सारात मीठ नसायचं. मी मागायचो नाही. (मागितलं असतं तर हरलो असतो.) शेवटी ही म्हणाली, “अहो, माणसं सोयरीक जमवताना पत्रिका बघतात. तुम्ही नट बघताय. एकदा जाऊन तो खडक तरी बघा.”

“बघतो ना! नुसता बघत नाही. बोल्ट ठोकून, त्याला लटकून दाखवतो. माझा बोल्ट टिकला तर त्याने जन्मभर बोल्ट वापरायचे. नाही टिकला तर लग्नाला माझी हो!”

“एवढं एकच भोक, तेही तुमच्या हातचं,” म्हणत मोहन तयार झाला. मला वाटलं, घाबरून झाला.

बोल्टावर मी चार दिवस काम केलं. अंगठ्याएवढा जाड, शेपटाला चीर, चिरेत पाचर. ठोकला की आत फुगतो आणि खांब फुटला तरी बाहेर येत नाही. डोक्याला गोल कडी. मला स्वतःला त्या कडीला बांधायचं म्हणजे दोर आलाच, आणि दोराच्या गाठीवर माझा काडीचाही विश्वास नाही. गाठ सुटते. म्हणून मी वर्कशॉपच्या दाराची साखळी घेतली आणि दाराचंच कुलूप घेतलं. साखळी कमरेभोवती, तिथून कडीत, आणि वर कुलूप. दाबलं की बसतं. किल्ली नेहमीप्रमाणे हिच्या कमरेच्या जुडग्यात.

रविवारी सकाळी आम्ही बसने निघालो. मी, ही, इंदू, मोहन, आणि होसकोटेकडचा माझा दोस्त मुनियप्पा. हा पिढीजात दगडफोड्या. हिने डबाभर चित्रान्न, म्हणजे फोडणीचा लिंबूभात, घेतलेलं. मी मुलीचा बाप म्हणून धोतर, कोट आणि काळी टोपी. मोहन माझ्या पायांकडे बघून म्हणाला, “अण्णा, धोतर...”

“माझ्या धोतराचं तुम्ही बघू नका.”

तो माकडासारखा फटीफटीतून वर गेला. मधेच थांबून नट अडकवायचा, ओढून बघायचा, पुढे जायचा. वरच्या कपारीत एक नट अडकवून तो तिथेच बसला आणि खाली माझ्या कमरेला आधीच बांधलेला दोर त्याने त्या नटातून ओढायला घेतला. कपारीच्या बऱ्याच खाली, दोन मजल्यांच्या उंचीवर, पाऊलभर रुंद एक पायरी होती. तिथवर मी आलो. (कसा आलो ते विचारू नका. टोपी माझ्या आधी खाली गेली.)

मुनियप्पा बाजूच्या उतारावरून अनवाणी चालत माझ्याशेजारी आला, विडी ओढत! मी जागा निवडली. त्याने हातोडीने टकटक केलं आणि मान हलवली.

“अण्णा, इथं नको. आवाज स्वल्प पोकळ येतोय.”

“बोल्ट मी ठोकतोय का तू?”

“सरी, अण्णा,” असं कानडीत ‘बरं’ म्हणून तो दहा पावलं लांब जाऊन बसला. त्याच वेळी मला कळायला हवं होतं.

दोन तास मी छिन्नी फिरवत ठोकत होतो. कोट घामाने भिजला. खालून चित्रान्नाचा वास येत होता. अखेर बोल्ट आत गेला, पाचर बसली आणि ठोक्याचा आवाज बदलला. भरीव! मी साखळी ओवली, कुलूप दाबलं, खट्! मग वर ओरडलो, “मोहनराव, आता तुमचा दोर मी सोडतो!”

“सोडू नका, अण्णा! नुसता सैल करतो.”

“तुमच्या दोराने टिकलो असं नंतर म्हणाल!”

तेव्हा तीन आठवड्यांत पहिल्यांदा इंदू माझ्याशी बोलली. खालून, रडक्या आवाजात. “अप्पा, दोर सोडलात तर मी लग्नच करणार नाही! ह्यांच्याशी नाही, कुणाशीच नाही!”

मला वाईट वाटलं. बापाचं काळीज आहे. दोर ठेवला. आणि पायरीवरून पाय काढून सगळं वजन बोल्टावर टाकलं.

बोल्ट हलला नाही! केसभरसुद्धा नाही! मी हात पसरले.

“बघा! याला म्हणतात काम! हा बोल्ट माझ्या पणतूच्या लग्नापर्यंत इथून...”

पुढचं भाषण राहिलं, कारण खडक हलला. खडक म्हणजे माझ्या बोल्टाभोवतीचा, पाट्या-वरवंट्यातल्या पाट्याएवढा पापुद्रा. तो शांतपणे डोंगरापासून वेगळा झाला आणि मला घेऊन निघाला.

मी ओरडलो असं सगळे सांगतात. मला आठवतं ते एवढंच, की एक जोरदार हिसका बसला आणि मी हवेत अडकलो. वर मोहनचा दोर, मधे मी, आणि माझ्या कमरेला साखळीने तो पाटा! दोर मला वर ओढतोय, पाटा खाली ओढतोय, आणि मधल्या मधे मी लांब होतोय!

“अहो, कुलूप काढा!” ही ओरडली.

“किल्ली तुझ्याकडे आहे!”

“मग मी काय फेकू का?”

“नको! चुकून दुसरीकडे पडेल!”

एवढ्यात मी गोल फिरायला लागलो, आणि पहिल्या गिरकीतच धोतराने माझी साथ सोडली. मोठ्या पट्ट्यांची चड्डी, वर कोट, कमरेला डोंगर! मुनियप्पाने सभ्यपणाने तोंड फिरवलं, पण त्याचे खांदे हलत होते.

मोहनने मात्र दोर पक्का धरला होता. हात सोलवटून घेत, वीतवीत दोर सोडत, त्याने मला लहान मूल पाळण्यात ठेवावं तसं हिच्या पुढ्यात ठेवलं. मी बसलो. पाटा मांडीवर.

“किल्ली दे.”

ही जुडग्यात एकेक किल्ली बघत राहिली. वर्कशॉपची किल्ली तिला अंधारातही सापडते. “आधी हो म्हणा,” ती म्हणाली.

“कशाला हो?”

“बसा मग असेच. मी आणि इंदू चित्रान्न खातो.”

मी मान खाली घातली, तर मांडीवर दगड. मान वर केली, तर इंदू. तिचे डोळे सुजलेले होते, आणि ते वर कपारीत दोर धरून बसलेल्या त्या पोराच्या रक्ताळलेल्या हातांकडे बघत होते. मी म्हणालो, “हो.” खट् करून कुलूप उघडलं.

मोहन आपले सगळे नट काढून घेऊन खाली उतरला. खडकावर त्याच्या येण्याची खूणसुद्धा नव्हती. “यानेच धरलं, अण्णा,” म्हणून त्याने एक नट माझ्या हातात दिला. मी आत बोट घातलं. गुळगुळीत. बाहेरून फिरवलं, तर एका बाजूला पंचाने मारलेला ‘ग’!

माझ्या वर्कशॉपातला नट याच्या खिशात कसा? मी इंदूकडे बघितलं. ती अचानक सगळ्यांना चित्रान्न वाढायला लागली.

मी तसाच, चड्डीवर, उठून उभा राहिलो. “बघितलंत? मला वाचवलं कुणी? माझ्या नटाने!”

“हो,” ही म्हणाली. “आटे घासल्यावर.”

लग्न थाटात झालं. मोहनरावांनी अजून कुठल्या खडकाला ओरखडा काढलेला नाही. माझा पापुद्रा जिथून निघाला तिथे मात्र छान रुंद खाच पडली आहे. इंदूची मुलं चढायला गेली की तिथेच पाय ठेवून दम खातात आणि तिला ‘आजोबांची पायरी’ म्हणतात. मला ऐकून बरं वाटतं. पहिल्या दिवसापासून मी जिनाच करा म्हणत होतो.

आणि बोल्ट? दगडासकट तो बसच्या टपावरून घरी आला आणि न्हाणीघरातल्या त्या दगडात अजून घट्ट आहे. कडीला ही धुण्याचा पिळा अडकवते. माझा बोल्ट दगडातून निघाला नाही, दगड डोंगरातून निघाला. ती चूक डोंगराची! कुणाला खोटं वाटत असेल त्याने खुशाल घरी यावं आणि लटकून बघावं. फक्त कमरेला मोहनरावांचा दोर बांधून यावं.