मागच्या काचेवरची कृपा

अप्पांना राग आला की ते खुर्ची घेऊन निघायचे. लोखंडी, घडीची, निळ्या पट्ट्यांची खुर्ची. ज्याचा राग आलाय त्याच्या दारासमोर, रस्त्याच्या पलीकडच्या अंगाला ती उघडायची, धोतर सावरून बसायचं आणि समोर बघत राहायचं. शिवी नाही, आवाज नाही, हातवारे नाहीत. कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात लिंग, आणि तोंडावर असं हसू, की लांबून बघणाऱ्याला वाटावं, म्हातारा कुणाची तरी सोयरीक जमवायला बसलाय. "भांडण कामून करायचं पोरी? घसा दुखतो. त्यापेक्षा बसावं," असं मला म्हणायचे.

अहमदपूरच्या धान्याच्या मोंढ्यात त्यांचं अडतीचं दुकान होतं. मी तिथल्या एका शाळेत नवीन लागले होते आणि त्यांच्या घराच्या पुढच्या दोन खोल्यांत भाड्याने राहायचे. त्यांना आणि त्यांच्या बायकोला, काकूंना, मूलबाळ नव्हतं. मला लेक मानतात असं अप्पा कधी बोलले नाहीत, पण माझ्या हातचं कालवण खारट झालं की ज्या हक्काने ते ताट बाजूला सारायचे, त्यावरून मला माझी जागा कळली होती.

खुर्चीचा प्रताप मी आल्या आल्या पाहिला. गिरणीवाल्याने मिरची दळली आणि जातं न झाडता त्यावरच काकूंची ज्वारी टाकली. भाकरी खाल्ली आणि काकूंच्या डोळ्यांना धारा. दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पा गिरणीसमोर. येणारा जाणारा थांबायचाच, "अप्पा, इथं कामून बसलात?" मग अप्पा सांगायचे, हळू आवाजात, एक अक्षर वाढवून नाही. विचारणाऱ्याला सांगायचं, न विचारणाऱ्याला नाही, हा नियम. गिरणीवाला आधी हसला, मग चिडला, मग त्याच्या नाकी नऊ आले. शेवटी पीठ घेऊन घरी आला आणि काकूंना म्हणाला, "वहिनी, चुकलं." बस्स. अप्पांनी खुर्ची मिटली. 'चुकलं' हा एकच शब्द त्यांना हवा असायचा, आणि तो ज्याचं नुकसान झालं त्याच्या तोंडावर म्हटलेला हवा असायचा. त्यांना येऊन म्हटलेला चालत नसे.

काकूंना ऊन सोसायचं नाही. म्हणजे तुमच्या-माझ्यासारखं नाही. पाच-दहा मिनिटं उन्हात गेल्या की चेहरा लाल, हातावर फोड, डोळे सुजून बंद. नांदेडच्या डॉक्टरांकडे औषध चालू होतं, पण ते लागू पडेपर्यंत बाई दिवसाउजेडी दाराबाहेर पडत नव्हत्या. देवळात जायचं तर तिन्हीसांजेनंतर. आणि मुखेडला, माहेरी, तर कित्येक दिवसांत गेल्या नव्हत्या. एवढ्यात त्यांच्या धाकट्या भावाला, लग्नानंतर खूप वर्षांनी, मुलगी झाली. काकू एकुलती एक सख्खी आत्या. नाव कानात आत्यानेच सांगायचं. काकूंनी नाव ठरवून ठेवलं होतं, पण मला काही सांगितलं नाही. "आधी पोरीच्या कानात, मग तुमच्या," म्हणायच्या आणि लाजायच्या.

त्या बारशासाठी अप्पांनी जुनी गाडी घेतली. चालवता त्यांना येत नव्हती. माझे वडील ट्रकवर होते, त्यामुळे मला येत होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, काचांना उन्हातले किरण अडवणारी फिल्म लावा, काळी नको, पारदर्शक मिळते, ती कायद्यातही बसते. म्हणून आम्ही नांदेडच्या एका कार डेकोरवाल्याकडे गेलो. त्याच्या दुकानाचं नाव मी इथे लिहीत नाही. अप्पांनी ते पुढे ज्या जागी लिहिलं, ती माझ्या कागदापेक्षा मोठी होती. अप्पांनी त्याला सगळं सांगितलं. बारसं सांगितलं, काकूंचा चेहरा सांगितला. तो म्हणाला, "अप्पा, निसतं सावलीत बसल्यावानी वाटंल. आमची जबान हाय." फिल्मच्या खोक्यावरचं चित्रही दाखवलं आणि सगळ्या काचांना फिल्म बसवून दिली.

बारशाच्या दिवशी निघालो तेव्हाच काचांवर फुगे दिसत होते. ज्वारीच्या पापडाला तळताना येतात तसे. मागची काच तर एका कोपऱ्यातून जांभळी पडलेली. अप्पा म्हणाले, दिसायला वाईट असंल, ऊन तर अडवंल. काकू नवं लुगडं नेसून मागे बसल्या होत्या, मांडीवर झबलं-टोपडं. अर्ध्या वाटेत मी आरशात पाहिलं तर काकूंनी पदर तोंडावर ओढला होता. "काही न्हाई, चल," म्हणाल्या. थोड्या वेळाने त्यांना डोळेच उघडता येईनात. अप्पा मागे वळले, त्यांनी पदर बाजूला केला आणि मला एवढंच म्हणाले, "पोरी, गाडी फिरव." तिकडे मुखेडला त्या लेकराच्या कानात कुठल्याशा चुलत आत्याने 'कुर्रर्र' केलं. बायकांनी धपाटे घातले ते तिच्या पाठीत. काकू इथे अंधाऱ्या खोलीत तोंडाला ओलं फडकं लावून पडल्या होत्या. ठरवलेलं नाव त्यांनी मला पुढेही कधी सांगितलं नाही.

लातूरच्या एका ओळखीच्याने फिल्मचं टोक सोलून पाहिलं आणि सांगितलं, हा नुसता रंगाचा कागद आहे, ऊन आरपार जातं. खोक्यावरचं चित्र वेगळ्या मालाचं होतं. काकूंच्या औषधाच्या दिवशी, पहाटेच निघून, आम्ही नांदेडला त्याच्याकडे गेलो. डेकोरवाला आधी म्हणाला, ऊनच लई पडून राहिलंय. मग मागच्या काचेकडे बोट दाखवून म्हणाला, "तुम्ही पूजेचं भस्म लावलं असंल, त्यानं फुगे आले." चारी दारांच्या काचांना काय नंदीने चाटलं होतं? मी तोंड उघडणार, तोच तो हसत हसत बोलला, "आन् एवढा तरास हाय, तर बाईमाणूस घरात ठेवायचं ना अप्पा. बारशाला कामून काढायचं?"

काकू सावलीत लावलेल्या गाडीतच होत्या. काच अर्धी खाली. त्यांनी ऐकलं, आणि हळूच काच वर घेतली.

 माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. त्याचं ते काउंटर उलटं करावंसं वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर आजही वाटतं. अप्पा मात्र डिकीकडे गेले. खुर्ची काढली. रस्ता ओलांडला. बसले.

नांदेड आमच्यापासून लांब. रोज बसणं जमणार नव्हतं. काकूंच्या औषधाची वारी असली की आम्ही सूर्य उगवायच्या आत निघायचो आणि अंधार पडल्यावर परतायचो; काकू दवाखान्यात आणि अप्पा दुकानासमोर. पण अप्पांना हे पुरेना. "म्या नसल्यावर त्याला बरं वाटत असंल," ते चहा पिता पिता एकदा म्हणाले, आणि कप अर्धा ठेवून उठले. मला घेऊन थेट आमच्या रेडियमवाल्याकडे.

तुम्हाला ठाऊकच आहे, आमच्याकडे गाडीची मागची काच कधी कोरी नसते. कुणाची आईवडिलांची कृपा, कुणाची देवाची, कुणाची दादांची. रेडियमवाल्याने विचारलं, "कुणाची कृपा टाकू अप्पा?" अप्पांनी डेकोरवाल्याचं नाव, दुकानाचं नाव, गल्ली, सगळं शुद्ध सांगितलं. पिवळी, टपोरी अक्षरं, काचेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. वर नाव, खाली 'यांची कृपा', आणि मध्ये ते जांभळे फुगे. रेडियमवाला म्हणाला, आधी फिल्म काढू, अक्षर नीट बसंल. अप्पा ओरडलेच. "हात लावू नको! फुगे दिसायला पाहिजेत!"

बाकीच्या काचांना लातूरच्या माणसाकडून खरी फिल्म बसवली आणि काकू पुढच्या सीटवर बसू लागल्या. मागची काच तशीच. मग काय सांगू, ती गाडी चालवण्यात जी मजा होती, ती मला आयुष्यात दुसऱ्या कशात मिळाली नाही! अप्पा मला मुद्दाम बाजाराच्या दिवशी मुखेडला न्यायचे. अहमदपूरच्या एसटी स्टँडसमोर, भोकरला, लग्नाच्या मांडवासमोर, जिथे चार नव्या गाड्या उभ्या, तिथे आमची, पाठ रस्त्याकडे करून. लोक वाचायचे, वाकून फुगे बघायचे, हसायचे आणि विचारायचे. अप्पा सांगायचे, एक अक्षर वाढवून नाही.

डेकोरवाल्याचे फोन सुरू झाले. आधी धमकी, मग गोडीगुलाबी. सगळ्या काचा फुकट करून देतो, वर सीट कव्हर टाकतो. अप्पांचं उत्तर ठरलेलं. "मला काही नको. काकूच्या तोंडावर येऊन म्हण, चुकलं. तू म्हण, म्या त्याच दिवशी रेडियम काढतो. हा माझा शब्द." तो म्हणाला, "तुमच्या पाया पडतो अप्पा, पण बाईमाणसापुढं मान खाली घालायला लावू नका." अप्पांनी फोन ठेवला आणि मला म्हणाले, "अजून शिजला न्हाई."

तो शिजायच्या आधी अप्पाच गेले. सकाळी लिंगपूजेला बसले आणि तिथेच कलंडले. मी शाळेतून धावत आले तेव्हा घर माणसांनी भरलं होतं. लिंगायतांत माणसाला आडवं नेत नाहीत, बसवून नेतात. अप्पांना फेटा बांधला, भस्म लावलं, फुलांनी सजवलेल्या आसनात बसवलं. ताठ बसले होते. तोंडावर, शप्पथ सांगते, तेच हसू होतं. मी ढसाढसा रडत होते आणि मनात एकच येत होतं, यांना असेच एकदा नांदेडला न्यावं, त्या दुकानासमोर थोडा वेळ ठेवावं, मग आणावं.

काही दिवसांनी डेकोरवाला भेटायला आला. काकू आत बायकांत बसल्या होत्या. तो उंबऱ्याच्या आत गेला नाही. मला गाडीपाशी गाठून म्हणाला, "मॅडम, अप्पा गेले, वैर बी संपलं. आता ते रेडियम काढून टाका. घरात कुणी गडीमाणूस न्हाई, आता कशाला ताणायचं?" मी म्हटलं, "आत जा आणि काकूंना विचारा." तो घड्याळ बघत निघून गेला. मी काकूंना सगळं शब्दन् शब्द सांगितलं, 'गडीमाणूस न्हाई' हेही.  त्यांच्या हातातली जपाची माळ थांबली.

पुढच्या औषधाच्या वारीला मी गाडी काढली तेव्हा काकू म्हणाल्या, "पोरी, ह्यांची खुर्ची डिकीत टाक."

दवाखाना झाला. दिवस चांगला वर आला होता. नांदेडचं ऊन, काही विचारू नका. मी दुकानाच्या बाजूला गाडी लावली, मागची काच बरोबर त्याच्या काउंटरकडे करून. काकूंनी डोक्यावरून पदर घेतला, हातांवर शाल ओढली, छत्री उघडली आणि पलीकडच्या मेडिकलच्या सावलीत खुर्ची टाकून बसल्या. दिवसाउजेडी, भर रस्त्यावर. ज्या बाईला घरात ठेवायला सांगितलं होतं, ती बाई त्याच्या दारासमोर. एका गिऱ्हाइकाने थांबून विचारलं, "काकू, कुणाची वाट बघून राहिलात?" काकूंनी सांगितलं. अप्पांसारखंच, हळू आवाजात. मग दुसऱ्याने विचारलं, मग मेडिकलवालाच बाहेर आला. दुकानात फिल्म लावायला आलेली एक गाडी न लावताच मागे फिरली.

दुपार व्हायच्या आत डेकोरवाला रस्ता ओलांडून आला. कपाळावर घाम. आजूबाजूला माणसं उभी होती. त्याने हात जोडले, मान खाली घातली आणि म्हणाला, "काकू, चुकलं माझं. तुम्हाला तसं बोलायला नको होतं. काम बी खोटं केलं म्या."

काकूंनी पूर्ण ऐकून घेतलं. "बरं," म्हणाल्या. उठल्या, खुर्ची स्वतः मिटली.

गाडीत बसल्यावर माझे डोळे भरून आले होते. अप्पा हवे होते, असं सारखं वाटत होतं. मी म्हटलं, "काकू, तो म्हणाला एकदाचा. अप्पांनी शब्द दिला होता. जाताना रेडियमवाल्याकडे थांबू का?"

काकूंनी पदर सारखा केला. "शब्द ह्यांनी दिला होता पोरी. म्या कुठं दिला होता? माझ्या भाचीचं बारसं काय तो परत करून देणार हाय? चल, मुखेडवरून घे. आज बाजार हाय."

मी गाडी मुखेडच्या रस्त्याला घेतली.