निवट्या मोजायचं ट्रेनिंग

मंडळी, दुपारपासून माझं डोकं चालत नाहीये. तुम्हीच सांगा.

खाडीच्या संरक्षित भागावर लक्ष कसं ठेवायचं, याचं आम्हा नवख्या शास्त्रज्ञांना ट्रेनिंग चालू आहे. आज सारसोळे जेट्टीवरून होडीने गेलो. ओहोटीच्या चिखलावर चौकट ठेवायची आणि आतल्या निवट्या मोजायच्या. निवटी म्हणजे चिखलात बीळ करून राहणारा मासा.

वीस मिनिटं टक लावून बसले. एकही दिसली नाही. फॉर्मवर शून्य लिहिलं.

होडीवाल्या काकांच्या बायको, नंदामावशी, होडीतून बघत होत्या. "पोरी, बूट घालून चिखलान नाचलीस, आता त्या वर येतील काय? खाली हायेत."

पदर खोचून त्या अनवाणी उतरल्या. चौकटीतल्या बिळांत कोपरापर्यंत हात घालून त्यांनी पाच निवट्या काढल्या आणि टोपलीत टाकल्या. "हां, आता लिव."

मी खूश होऊन शून्याचे पाच केले. मग फॉर्म उलटला. पुढे रकाना आहे, 'माहिती देणारी व्यक्ती'. मागे आहे, 'विनापरवाना मासे पकडणारी व्यक्ती'.

परतताना मावशींनी विचारलं, "माजा नाव लिवलास ना?"

मी "हो" म्हणाले. खरं तर दोन्ही रकाने अजून कोरे आहेत आणि फॉर्म उद्या सकाळी द्यायचाय. तुम्ही कुठे लिहिलं असतं?

आणि हो, उतरताना मावशींनी त्यातल्या तीन निवट्या माझ्या पिशवीत घातल्या. आई किचनमधून विचारतेय, तळू की कालवण करू?