आठशेच्या गाडीला तेराशेचं इंजिन

“तेराशेचंच बसवायचं,” आबा म्हणाले.

मी तिसऱ्यांदा नाही म्हणालो. आबांनी तिसऱ्यांदा ऐकलं नाही. स्टूल ओढून ते माझ्या गॅरेजच्या दारातच बसले. आता हे उठणार नाहीत, हे मला कळलं.

माझं गॅरेज वाघोलीत, नगर रोडपासून थोडं आत. आबा तिथलेच. त्यांच्या ज्वारीच्या रानात आता अकरा मजली सोसायटी उभी आहे. अंगणात मोठी नवी एसयूव्ही असते, ती पुतण्या चालवतो. पण त्या दिवशी दोरी बांधून माझ्याकडे ओढत आणली ती त्यांची छोटी गाडी. आठशे सीसी, तीन सिलिंडर, पांढरा रंग. मुलगा प्रशांत इंजिनिअरिंगला गेला तेव्हा त्याच्यासाठी घेतलेली सेकंडहँड. प्रशांत सात वर्षांपूर्वी जर्मनीला गेला. गाडी राहिली.

बोनेट उघडलं आणि मी कपाळाला हात लावला. रेडिएटरमध्ये थेंब पाणी नाही. पिस्टन जाम. ब्लॉकला, म्हणजे इंजिनाच्या मुख्य धडालाच, तडा.

“आबा, कुठं लांब नेली होती?”

“कुठं न्हाई. अंगणात तर उभी हाय.”

हळूहळू सगळं बाहेर आलं. प्रशांतने जाताना सांगितलं होतं, ‘बॅटरी उतरू देऊ नका, अधूनमधून चालू करत जा.’ आबांनी ते वेदवाक्य मानलं. दर रविवारी सकाळी गाडी चालू करायची, अर्धा तास तशीच ठेवायची, बंद करायची. सात वर्षं. गाडी एक फूटही पुढे गेली नाही. गाडी पळते तेव्हा तिला वारा लागतो. उभी असते तेव्हा थंड ठेवण्याची सगळी भिस्त रेडिएटरच्या पंख्यावर. तो पंखा कधीतरी बंद पडला, पाणी गळून गेलं आणि एका रविवारी आबा आत चहा घेत असताना इंजिन भाजून निघालं. हजारो किलोमीटर पळून मेलेली इंजिनं मी खूप पाहिलीत. उभ्या उभ्या मेलेलं हे पहिलंच.

मग आबांनी खिशातून एक कागद काढला. वहीचं फाडलेलं पान. डॅशबोर्डच्या खणात सापडलेलं. प्रशांतच्या अक्षरात आकृती होती आणि खाली लिहिलं होतं, ‘1300 टाकायचं. एकदा पैसे जमले की.’

“त्येची इच्छा हाय,” आबा म्हणाले. “डिसेंबरात येतो म्हनलाय. आला की चावी हातात द्यायची. बघू द्या त्येला.”

लोकांना वाटतं, इंजिन बदलणं म्हणजे मिक्सरचं भांडं बदलणं. तसं नसतं. तेराशेचं इंजिन चार सिलिंडरचं. ते जड. त्याला खाली बसवायचं माउंटिंग वेगळं, वायरिंग वेगळं, रेडिएटर मोठा. गाडीचं नाक जड झालं की स्टिअरिंग जड होतं, आणि या गाडीला पॉवर स्टिअरिंग नव्हतं. ब्रेक आठशेच्या वेगासाठी केलेले, तेही बदला. एवढं करून आरटीओ विचारणार, हे कुणाच्या परवानगीने केलं? इन्शुरन्सवाले तर क्लेम नाकारायला कारणाचीच वाट बघत असतात. मी हे सगळं सांगितलं. त्याच जातीचं, आठशेचंच चांगलं जुनं इंजिन मिळतं, ते बसवू, असंही म्हणालो.

“आठशेचं तर हुतंच की,” आबा म्हणाले. “त्येच्यात काय नवीन?”

मी म्हटलं, बरं, आधी आरसी दाखवा. इंजिन कुठलंही असो, त्याचा नंबर आरसीवर चढवावा लागतो आणि अर्जावर मालकाची सही लागते. आबांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून आरसी काढली. मालक प्रशांत.

“सही तर त्येची लागंल,” आबा म्हणाले, आणि खरं सांगतो, त्यांना आनंद झाला. फोन करायला एक कारण मिळालं. पण केला नाही. “तुमीच करा. मी केला की मीटिंगमदी हाय म्हनतो.”

माझी मुलगी हिंजवडीत नोकरीला आहे. जर्मनी नाही, याच पुण्यात. महिन्यातून एकदा येते, तेही ट्रॅफिकला शिव्या घालत. त्यामुळे या वेळी मी आबांचं ऐकलं. फोन लावला. आबा तोवर घरी गेले होते.

प्रशांतने लगेच उचलला. “रफिकचाचा! कसे आहात? अजून आहे ती गाडी?”

“आहे. इंजिन गेलं. आबा तेराशेचं बसवायचं म्हणतायत. तुझ्यासाठी.”

“माझ्यासाठी? मी कधी म्हटलं?”

मी कागदाचं सांगितलं. तो हसला. मग हसायचा थांबला.

“चाचा, मी तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो. होस्टेलवरचे सगळेच असले प्लॅन करायचे. मला आठवतही नाही हो.” मग म्हणाला, “डिसेंबरचं पण अजून नक्की नाही. त्यांना हे सांगू नका. सही पाठवतो.”

मुलगा वाईट नाही. सात वर्षांत दोनदा आला. दोन्ही वेळा कॅबने आला, कॅबने गेला. त्याच्या मनात काही वाकडं नव्हतं. गाडी त्याच्या डोक्यातून गेली होती, एवढंच.

तीन आठवड्यांनी कुरिअर आलं. पाकीट मी उघडलं आणि बघतच राहिलो. इंजिनाचा अर्ज नव्हताच. गाडी आबांच्या नावावर करायचे फॉर्म होते, सही केलेले. सोबत चिठ्ठी: ‘चाचा, गाडी आबांच्या नावावर करून टाका, म्हणजे पुढे प्रत्येक वेळी माझी सही लागणार नाही. इंजिन त्यांना सोयीचं पडेल ते बसवा.’

डोकं वापरलं होतं पोराने. मी त्याच्या जागी असतो तर हेच केलं असतं. पण ते पाकीट मी दोन दिवस टूलबॉक्सखाली दडवून ठेवलं. आबा रोज यायचे, “आलं का?” विचारायचे, आणि मी नाही म्हणायचो. तिसऱ्या दिवशी माझीच मला लाज वाटली. मी पाकीट त्यांच्या हातात दिलं.

त्यांनी चष्मा लावला. चिठ्ठी वाचली. फॉर्म वाचले नाहीत, नुसत्या सह्या पाहिल्या. बराच वेळ.

“सही बदलली त्येची,” ते म्हणाले. “आदी मराठीत करायचा. धावीच्या फॉर्मावर मीच शिकिवली हुती. ‘प्र’ला नीट शेपूट काढ म्हनलं हुतं.”

मी हात पुसत बसलो. हात आधीच स्वच्छ होते.

“मंजी आता गाडी माजी?”

“तुमची.”

“डिसेंबरचं काय बोलला?”

खोटं बोलायची पूर्ण तयारी होती माझी. पण सत्तरीच्या माणसाने असं सरळ बघून विचारलं की जमत नाही. “नक्की नाही म्हणाला.”

त्यांनी मान हलवली. वहीचं पान खिशातून काढलं, नीट घडी केली, परत खिशात ठेवलं. “मला लई वाटत हुतं, रफिकभाई,” ते म्हणाले. “त्यो बसंल, गिअर टाकंल आन् म्हनंल, आबा, काय पळती ओ. तेवढंच ऐकायचं हुतं.” मग नाक ओढून म्हणाले, “जाऊ द्या. माझ्या गुडघ्याला झेपंल ते बसवा.”

जुनं इंजिन घ्यायला आम्ही दोघं गेलो. मी सकाळी लवकर जातो, विकणाऱ्याचं दुकान उघडताक्षणी. कारण विकणारा इंजिन आधी चालू करून गरम करून ठेवतो. गरम इंजिन कुणाचंही गोड बोलतं. थंड इंजिन एका झटक्यात सुरू झालं तर ते खरं. मी आबांना हात लावून बघायला सांगितलं. पहिलं कोमट निघालं, सोडलं. दुसरं गार होतं. त्याचं कॉम्प्रेशन मोजलं, म्हणजे सिलिंडर किती दाब धरतो ते. तिन्ही सारखे. कागदपत्रं चोख. घेतलं. आठशेचंच.

नाव बदलणं, इंजिनाचा नंबर चढवणं, आरटीओच्या फेऱ्या, सगळं धरून अडीच महिने गेले. डिसेंबर त्यातच येऊन गेला. प्रशांत आला नाही.

गाडी तयार झाली तेव्हा त्यांना बोलावलं. पंखा नवा, होज पाइप नवे, क्लच लोण्यासारखा. इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. आबांचं लायसन्स होतं. ट्रॅक्टर, जीप सगळं चालवलेलं. मी म्हटलं, “बसा आबा, एक चक्कर मारून या.”

ते गेले, डावीकडचं दार उघडलं आणि आत बसले. बेल्ट लावला. हात मांडीवर ठेवून समोर रस्त्याकडे बघत राहिले. उजवीकडची सीट रिकामी, इंजिन चालू. मी बाहेर उभा.

थोड्या वेळाने त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी बेल्ट काढला, खाली उतरले, बोनेटला वळसा घातला आणि स्टिअरिंगमागे जाऊन बसले. माझ्याकडे बघितलं नाही. गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली आणि नगर रोडच्या दिशेने गेले.

तेव्हापासून इंजिन बदलायला कुणी आलं, की सीसी, ताकद, मायलेज हे सगळं मी नंतर काढतो. आधी विचारतो, गाडी चालवणार कोण? समोरच्याला उत्तर द्यायला वेळ लागला, तर घाई करत नाही. चहा मागवतो.